लिनक्स, फ्रीबीएसडी आणि मॅक एकाच एनएफएस शेअरवर: कुठे अडतं आणि ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात डेबियनचा एक सर्व्हर आहे. त्यावरचं '/एसआरव्ही/डेटा' हे फोल्डर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून देण्याच्या प्रोटोकॉलने, सगळ्यांना दिलंय. उबुंटूच्या मशीनवर ते बिनबोभाट माउंट होतं, म्हणजे स्थानिक फोल्डरासारखं जोडलं जातं. मॅकवर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. फ्रीबीएसडीवर माउंट होतं, फाइली दिसतात, पण आतल्या फोल्डरात लिहायला गेलं की 'परमिशन डिनाइड', आणि एक प्रोग्रॅम फाइलला लॉक लावताना (दुसऱ्या कुणी त्याच वेळी लिहू नये म्हणून ती ताब्यात घेताना) लटकून राहतो. सर्व्हरवर 'चमॉड 777' करून, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन, पाहिलं, तरी उपयोग नाही. सर्व्हर एक, फोल्डर एक, मग तीन मशीनच्या तीन तऱ्हा का?

खाली आज्ञा, ऑप्शन आणि फाइलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती नेहमीच्या रोमन लिपीत टाका.

सगळ्यात आधी ते 777 मागे घ्या. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीचंही मूळ त्यात नाही. मॅकला सर्व्हर दारातच परत पाठवतोय, त्यामुळे आतल्या परवानग्यांपर्यंत गोष्ट पोचतच नाही. फ्रीबीएसडीच्या बाबतीत 777 फक्त वरच्या फोल्डरला लागलं, आतली फोल्डरं 755 वरच राहिली, म्हणजे लिहायचा हक्क फक्त मालकाला. लॉकचा तर परवानगीशी संबंधच नाही. त्या आज्ञेने एवढंच झालं की सर्व्हरवर खातं असलेल्या कुणालाही तिथे काहीही करता येऊ लागलं.

पहिली गोष्ट ही, की तीन क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारी मशीनं, सर्व्हरशी एकाच आवृत्तीत बोलत नाहीयेत. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणलं. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती 1995 ची. चौथी 2000 मध्ये आली, तिचं 4.1 हे रूप 2010 चं आणि 4.2 हे 2016 चं. तिसरी आणि चौथी यांना एकाच वस्तूची जुनी-नवी रूपं समजू नका, ते जवळजवळ दोन वेगळे प्रोटोकॉल आहेत. लिनक्सचा माउंट 4.2 पासून सुरुवात करतो आणि जमलं नाही तर खाली उतरतो. फ्रीबीएसडीला स्पष्ट सांगितलं नाही तर तो तिसरी आवृत्ती धरतो. मॅकही आधी तिसरीच मागतो. म्हणजे तुमच्याकडे उबुंटू चौथीवर आणि बाकीचे दोघे तिसरीवर असणार. उबुंटूवर चालतं म्हणून सर्व्हर निर्दोष आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तिसऱ्या आवृत्तीला लागणारी अर्धी यंत्रणा उबुंटूने वापरलेलीच नाही.

म्हणून पहिलं काम: ज्या मशीनवर माउंट झालंय तिथे 'एनएफएसस्टॅट -एम' चालवा. तिन्ही प्रणालींवर ही आज्ञा आहे. कोणती आवृत्ती, टीसीपी की यूडीपी, वाचन-लेखनाचा तुकडा किती बाइटचा, हे सगळं त्यात दिसतं. यूडीपी दिसलं तर ते आधी टीसीपीवर आणा. लिनक्स कर्नलने 5.6 पासून यूडीपीवरचं एनएफएस मुळातच बंद ठेवलेलं आहे.

एररचे शब्द नीट वाचा

एनएफएसमध्ये एररचा मजकूर बहुतेक वेळा नेमका थर सांगतो. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे मधे कुठेतरी फायरवॉल पाकिटं गिळतेय. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण ती सेवा चालू नाही. 'आरपीसी: प्रोग्रॅम नॉट रजिस्टर्ड' म्हणजे आरपीसीबाइंड (कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारी सेवा) चालू आहे, पण मागितलेल्या सेवेने त्याच्याकडे नाव नोंदवलेलं नाही. माउंट करतानाच 'परमिशन डिनाइड' किंवा 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर एक्सपोर्टची ओळ (सर्व्हरच्या '/ईटीसी/एक्सपोर्ट्स' मधली, कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं ते सांगणारी) किंवा पोर्ट तपासायचं. माउंट झाल्यावर 'परमिशन डिनाइड' आलं तर यूआयडी-जीआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा आणि गटाचा आकडा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असेल तर यूआयडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, एक्सपोर्टमध्ये 'आरडब्ल्यू' राहिलंय किंवा खालची डिस्कच तशी माउंट झालीय. 'स्टेल फाइल हँडल' म्हणजे क्लायंटच्या हातात जी खूण आहे ती वस्तू सर्व्हरवर आता नाही, किंवा तिची ओळख बदलली.

मॅक: वरच्या पोर्टवरून आलेली विनंती

लिनक्सच्या एक्सपोर्टमध्ये काही लिहिलं नाही तर 'सिक्युअर' हा पर्याय आपोआप लागू असतो. त्याचा अर्थ एवढाच, की क्लायंटची विनंती 1024 च्या खालच्या पोर्टवरून आली पाहिजे. लिनक्स आणि फ्रीबीएसडीचे क्लायंट तसं करतात. मॅक मात्र वरचा पोर्ट वापरतो. सर्व्हरवर 'जर्नलसीटीएल' मध्ये माउंटडीची (माउंटच्या विनंत्या हाताळणाऱ्या सेवेची) नोंद पाहा: 'रिफ्यूज्ड माउंट रिक्वेस्ट', आणि शेवटी 'इल्लीगल पोर्ट' व एक पाच आकडी संख्या. ही नोंद दिसली की निदान झालं.

उपाय दोन. मॅकवर माउंट करताना 'रेझ्व्हपोर्ट' द्या:

सूडो माउंट -टी एनएफएस -ओ व्हर्स=3,रेझ्व्हपोर्ट 192.168.1.10:/एसआरव्ही/डेटा ~/डेटा

किंवा सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये 'इनसिक्युअर' लिहा. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. खालचा पोर्ट फक्त रूटला मिळतो ही सुरक्षा ज्या काळात ठरली, तेव्हा रूट म्हणजे संस्थेचा अ‍ॅडमिन असायचा. आज प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपचा रूट आहे. लोक फाइंडरमधून 'कनेक्ट टू सर्व्हर' करून जोडणार असतील तर 'इनसिक्युअर' हाच सोयीचा मार्ग. सर्व्हरला हात लावायचा नसेल तर मॅकच्या '/ईटीसी/एनएफएस.कॉन्फ' मध्ये 'एनएफएस.क्लायंट.माउंट.ऑप्शन्स = रेझ्व्हपोर्ट' ही ओळ घाला.

माउंट करण्यासाठी मॅकच्या रूटवर '/डेटा' असं फोल्डर करायला जाऊ नका. कॅटलिनापासून, म्हणजे 10.15 पासून, तो भाग फक्त वाचण्यासाठी आहे. होम फोल्डरमधली जागा घ्या. उलट बाजूने मॅकच सर्व्हर असेल तर त्याच कारणाने एक्सपोर्टचा पाथ '/सिस्टिम/व्हॉल्यूम्स/डेटा' पासून लिहावा लागतो, आणि लिहिल्यावर 'एनएफएसडी चेकएक्सपोर्ट्स' ने ओळ तपासून घ्यायची.

एक्सपोर्टची ओळ आणि एका रिकाम्या जागेचा घोळ

डेबियनवर ओळ अशी असावी:

/एसआरव्ही/डेटा 192.168.1.0/24(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,इनसिक्युअर)

नेटवर्कचा पत्ता आणि कंस यांच्यामध्ये रिकामी जागा नको. ती पडली तर ओळीचा अर्थ पार बदलतो: 192.168.1.0/24 ला डीफॉल्ट पर्याय मिळतात, म्हणजे फक्त वाचन, आणि कंसातले पर्याय उरलेल्या साऱ्या जगाला लागू होतात. तुमच्या लोकांना लिहिता येत नाही आणि परक्याला येतं, असा उफराटा प्रकार. फाइल बदलल्यावर 'एक्सपोर्टएफएस -आरए', आणि नंतर न चुकता 'एक्सपोर्टएफएस -व्ही'. फाइलीत काय लिहिलंय त्यापेक्षा सर्व्हरने काय धरलंय ते महत्त्वाचं, आणि ते या दुसऱ्या आज्ञेत दिसतं.

जुन्या लेखांतून उचललेला 'एफएसआयडी=0' ओळीत असेल तर काढून टाका. तो पर्याय त्या फोल्डरला चौथ्या आवृत्तीचं मूळ बनवतो. मग चौथीच्या क्लायंटला पाथ '/' लागतो आणि तिसरीच्या क्लायंटला '/एसआरव्ही/डेटा'. एकाच सर्व्हरवर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' एकाला येतं, दुसऱ्याला नाही, ते यामुळे. आताच्या लिनक्समध्ये हे मूळ आपोआप तयार होतं.

पुढे कधी सर्व्हर फ्रीबीएसडीवर नेलात तर एक्सपोर्टची फाइल उचलून तिथे ठेवता येणार नाही. नाव तेच, व्याकरण वेगळं. तिथे ओळ साधारण अशी:

/टँक/डेटा -मॅपऑल=डेटा -नेटवर्क 192.168.1.0 -मास्क 255.255.255.0

तिथे एका फाइल सिस्टिममधली जितकी फोल्डरं एकाच क्लायंटला द्यायची ती एकाच ओळीत लिहावी लागतात. दोन ओळी केल्या तर माउंटडी दुसरी ओळ नाकारतो आणि त्याची तक्रार फक्त सिस्टिम लॉगमध्ये टाकतो. 'व्ही4:' ने सुरू होणारी ओळ चौथीचं मूळ कुठे ते सांगते, स्वतः काहीही एक्सपोर्ट करत नाही. फोल्डरांच्या ओळी वेगळ्या लागतातच. डिस्कवर झेडएफएस असेल तर तिचा प्रत्येक डेटासेट (विभाग) ही स्वतंत्र फाइल सिस्टिम. वरचा डेटासेट तिसरीवर माउंट केला की आतले डेटासेट रिकाम्या फोल्डरांसारखे दिसतात. डेटा गेला असं वाटून लोक घाबरतात, प्रत्यक्षात तो फक्त एक्सपोर्ट झालेला नसतो. लिनक्स सर्व्हरवर याच अडचणीला 'क्रॉसएमएनटी' हा पर्याय आहे.

तिसऱ्या आवृत्तीला किती दारं लागतात

चौथी आवृत्ती सगळं काम 2049 या एकाच पोर्टवर करते. तिसरीला 2049 शिवाय 111 वरचा आरपीसीबाइंड लागतो, माउंटडी लागतो, आणि लॉकसाठी लॉकडी व स्टॅटडी. शेवटच्या तिघांचे पोर्ट ठरलेले नसतात, सेवा सुरू होताना मिळेल तो घेतात. सर्व्हरवर फक्त 2049 उघडा असेल तर उबुंटू चालतो आणि बाकीचे दोघे अडतात. फ्रीबीएसडीवर 'आरपीसीइन्फो -पी 192.168.1.10' चालवा. यादीत 100003 म्हणजे एनएफएस, 100005 माउंटडी, 100021 लॉकडी, 100024 स्टॅटडी. चारही दिसायला हवेत.

पोर्ट कायम करायचे तर डेबियनच्या '/ईटीसी/एनएफएस.कॉन्फ' मध्ये माउंटडीच्या भागात 20048, स्टॅटडीला 662, लॉकडीला टीसीपीसाठी 32803 आणि यूडीपीसाठी 32769 द्या, आणि हेच फायरवॉलमध्ये उघडा. लॉकडी कर्नलमध्ये राहतो, त्यामुळे नुसती सेवा पुन्हा सुरू करून त्याचा पोर्ट बदलेलच असं नाही. मशीन एकदा रीबूट करा आणि 'आरपीसीइन्फो' ने खात्री करा.

'शोमाउंट -ई' माउंटडीलाच विचारतो. सर्व्हर फक्त चौथीवर चालत असेल तर ही आज्ञा अपयशी ठरते आणि माउंट मात्र उत्तम होतं. तेव्हा त्या अपयशावरून काही ठरवू नका.

फ्रीबीएसडीचं 'परमिशन डिनाइड': नावं नाही, आकडे

केर्बेरॉस (ओळख पटवण्याची वेगळी यंत्रणा) नसेल तर क्लायंट प्रत्येक विनंतीसोबत फक्त आकडे पाठवतो: यूआयडी आणि गटांचे जीआयडी. सर्व्हर ते जसेच्या तसे खरे मानतो. डेबियन-उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याला 1000 मिळतो, फ्रीबीएसडीवर 1001, मॅकवर 501. नाव तिन्हीकडे एकच असलं तरी सर्व्हरच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं. गटांचं त्याहून विचित्र: मॅकवर सगळ्यांचा मुख्य गट 'स्टाफ', जीआयडी 20. डेबियनवर 20 म्हणजे 'डायलआउट'. मॅकवरून केलेल्या फाइली सर्व्हरवर मॉडेमच्या गटाच्या दिसतात, त्याचं कारण हे.

खात्री करणं सोपं आहे. प्रत्येक मशीनवरून जिथे लिहिता येतं तिथे एक फाइल 'टच' करा आणि सर्व्हरवर 'एलएस -एलएन' बघा. 'एन' महत्त्वाचा, तो नावांऐवजी आकडे दाखवतो.

उपाय कोणता, हे फोल्डर कशासाठी आहे त्यावर ठरवा. सगळ्यांनी मिळून वापरायचं सामायिक फोल्डर असेल आणि कुणी काय लिहिलं हे जपायची गरज नसेल, तर लहान ऑफिससाठी माझ्या मते एकच सरळ मार्ग आहे: सर्व्हरवर 'डेटा' नावाचा वापरकर्ता आणि गट करा, दोन्हींना 2000 हा आकडा द्या, फोल्डर त्याच्या मालकीचं करा, आणि एक्सपोर्टमध्ये 'ऑल_स्क्वॉश,अ‍ॅननयूआयडी=2000,अ‍ॅननजीआयडी=2000' घाला. कुणीही कुठूनही लिहिलं तरी सर्व्हरवर ते 2000 चं होतं. 777 ची गरजच उरत नाही, फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 पुरतं. फ्रीबीएसडी सर्व्हरवर हेच काम वरच्या ओळीतला '-मॅपऑल' करतो.

मालकी जपायची असेल तर सगळीकडे 2000 जीआयडीचा एकच गट करा, माणसांना त्यात घाला, फोल्डरांना 2775 द्या आणि क्लायंटवर यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) 002 ठेवा. मॅकवर गट 'डीएसएडिटग्रुप' ने होतो. पुढे वापरकर्ते वाढले तर सगळ्या मशीनना एकच एलडॅप, म्हणजे खात्यांची मध्यवर्ती यादी. मॅकवरच्या चालू खात्याचा यूआयडी बदलणं मी सुचवणार नाही, होम फोल्डरपासून कीचेनपर्यंत सगळीकडे त्याचे धागे असतात.

गट वापरणार असाल तर एक मर्यादा ध्यानात ठेवा. या पद्धतीत विनंतीसोबत जास्तीत जास्त 16 पूरक गट जातात. माणूस 20 गटांत असेल तर चार गट कसलीही एरर न देता गळतात, आणि त्याला एका फोल्डरात लिहिता येतं, शेजारच्या फोल्डरात नाही. सर्व्हरच्या 'एनएफएस.कॉन्फ' मध्ये माउंटडीसाठी 'मॅनेज-जीआयडीज=वाय' केलं की सर्व्हर क्लायंटची यादी बाजूला ठेवून आपल्याकडची गटांची नोंद वापरतो. अर्थात मग ती माणसं सर्व्हरवरही त्या गटांत नोंदलेली हवीत.

'नोबडी' दिसणं हा वेगळा आजार

फ्रीबीएसडीला चौथीवर आणल्यावर एक नवीन गोष्ट दिसू शकते: सगळ्या फाइली 'नोबडी' च्या, म्हणजे मालक ओळखता न आल्यावर दाखवल्या जाणाऱ्या नावाच्या. चौथीमध्ये मालक 'नाव@डोमेन' अशा मजकुरात जातो, आणि दोन्हीकडचं डोमेन जुळलं नाही तर समोरचा ते नाव ओळखत नाही. लिनक्समध्ये डोमेन '/ईटीसी/आयडीमॅपडी.कॉन्फ' मध्ये, फ्रीबीएसडीमध्ये 'एनएफएसयूजरडी' च्या '-डोमेन' पर्यायात, सोलारिसमध्ये 'शेअरसीटीएल' ने 'एनएफएसमॅपआयडी_डोमेन' या नावाने ठेवतात. लिनक्स क्लायंटवर बदल केल्यावर 'एनएफएसआयडीमॅप -सी' ने जुनी साठवण पुसावी लागते, नाहीतर दुरुस्ती होऊनही 'नोबडी' च दिसत राहतो.

यावर लोक फार वेळ घालवतात, कारण एक मुद्दा सुटतो: केर्बेरॉस नसताना परवानगीचा निर्णय चौथीतही विनंतीसोबतच्या आकड्यांवरच होतो. नावांची जुळणी फक्त 'एलएस' मध्ये काय दिसतं आणि मालक बदलणारं 'चोन' चालतं का, एवढ्यापुरती. म्हणून 'नोबडी' दिसत असूनही लिहिता येणं शक्य आहे, आणि नाव बरोबर दिसत असूनही नकार मिळणं शक्य आहे. आयडीमॅपडी दुरुस्त करून 'परमिशन डिनाइड' जाईल ही आशा ठेवू नका.

अलीकडच्या लिनक्समध्ये या साध्या पद्धतीत नावाऐवजी आकडाच मजकूर म्हणून पाठवतात. फ्रीबीएसडीला तेच करायला लावायचं तर क्लायंटवर 'सिसकंट्रोल' ने 'व्हीएफएस.एनएफएस.इनेबल_यूआयडीटूस्ट्रिंग=1', आणि फ्रीबीएसडी सर्व्हर असेल तर 'व्हीएफएस.एनएफएसडी.इनेबल_स्ट्रिंगटूयूआयडी=1'. आकडे सगळीकडे एकच केलेले असतील तर हा मार्ग डोमेन जुळवत बसण्यापेक्षा निर्वेध.

लॉकवर लटकणं

तिसऱ्या आवृत्तीत लॉक हा एनएफएसचा भागच नाही. त्यासाठी लॉकडी आणि स्टॅटडी अशी शेजारची यंत्रणा आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चालू हवी. फ्रीबीएसडी क्लायंटच्या 'आरसी.कॉन्फ' मध्ये 'आरपीसीबाइंड_इनेबल', 'आरपीसी_स्टॅटडी_इनेबल' आणि 'आरपीसी_लॉकडी_इनेबल' या तिन्ही ठिकाणी 'येस' आहे का पाहा. 'एनएफएस_क्लायंट_इनेबल' एवढंच लिहून लॉक चालत नाहीत.

ते सगळं चालू असूनही लटकत असेल तर संशय क्लायंटच्या फायरवॉलवर घ्या. लॉक आधीच कुणाकडे असेल तर सर्व्हर 'थांब' म्हणतो, आणि मोकळा झाल्यावर तो स्वतःहून क्लायंटच्या लॉकडीला निरोप देतो. म्हणजे जोडणी उलट दिशेने, सर्व्हरकडून क्लायंटकडे येते. क्लायंटवर 'पीएफ' ही फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवत असेल तर तो निरोप पोचत नाही आणि प्रोग्रॅम वाट पाहत बसतो. फ्रीबीएसडीवरही 'आरपीसी_लॉकडी_फ्लॅग्ज' आणि 'आरपीसी_स्टॅटडी_फ्लॅग्ज' मध्ये '-पी' ने पोर्ट कायम करून ते सर्व्हरच्या पत्त्यापुरते उघडता येतात.

पण इतकं करण्यापेक्षा फ्रीबीएसडीला चौथीवर आणा:

माउंट -टी एनएफएस -ओ एनएफएसव्ही4 192.168.1.10:/एसआरव्ही/डेटा /एमएनटी

चौथीत लॉक त्याच 2049 वर, त्याच जोडणीत असतात. मॅक तिसरीवर राहिला तरी बिघडत नाही. लिनक्स सर्व्हर दोन्ही आवृत्त्यांचे लॉक एकाच ठिकाणी नोंदवतो, त्यामुळे ते एकमेकांना दिसतात.

सगळीकडे सुचवला जाणारा शॉर्टकट म्हणजे 'नोलॉक', फ्रीबीएसडीवर 'नोलॉकडी', मॅकवर 'लोकललॉक्स'. यांनी लटकणं थांबतं, कारण लॉक सर्व्हरपर्यंत जातच नाही. दोन मशीनना एकाच वेळी वाटतं की फाइल माझ्या ताब्यात आहे. त्या फोल्डरात एकच मशीन लिहिणार याची खात्री असेल तरच हे वापरा. एसक्यूलाइटचा डेटाबेस मात्र एनएफएसवर ठेवूच नका. त्याच्या 'डब्ल्यूएएल' पद्धतीला सामायिक मेमरी लागते, आणि ती एकाच मशीनवर असते.

व्हर्च्युअल मशीन क्लोन केलेली असतील तर आणखी एक तपासणी. चौथी आवृत्ती प्रत्येक क्लायंटला एका ओळखीने लक्षात ठेवते. फ्रीबीएसडी ती '/ईटीसी/होस्टआयडी' वरून घेतो, लिनक्स होस्टनेमवरून. क्लोनमध्ये दोन्ही तेच राहतात, सर्व्हर दोन मशीनना एक समजतो, आणि एकाचे लॉक दुसऱ्याच्या येण्याने उडतात.

मराठी फाइलनावं आणि 'ऱ'

तुमच्या प्रश्नात हे नाही, पण मॅक जोडला गेला की पहिल्या आठवड्यात समोर येईल, आणि मराठी नावांच्या फाइली असलेल्या ऑफिसात तर हमखास. 'शेतकऱ्यांची यादी' किंवा 'कर्मचाऱ्यांचे पगार' अशा नावांत 'ऱ' आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुट्या रूपात साठवायची. 2017 पासूनची एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, पण दोन्ही रूपांना एकच मानते. लिनक्स आणि फ्रीबीएसडी यातलं काहीच करत नाहीत, त्यांच्यासाठी नाव म्हणजे बाइटची माळ.

परिणाम असा, की सर्व्हरवर डोळ्यांना एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, किंवा स्क्रिप्टला समोर दिसणारी फाइल सापडत नाही. 'एलएस' चा निकाल 'हेक्सडंप -सी' मधून काढा. जोडलेला ऱ 'ई0 ए4 बी1' असा तीन बाइटचा असतो, सुटा 'ई0 ए4 बी0 ई0 ए4 बीसी' असा सहाचा. ळ, ज्ञ, क्ष यांना हा त्रास नाही. मराठीत अडतो तो मुख्यतः ऱ, म्हणजे 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' असलेली सगळी नावं.

मॅकच्या माउंटमध्ये 'एनएफसी' हा पर्याय दिला की नावं सर्व्हरकडे जोडलेल्या रूपात जातात. तो लावण्याआधी सर्व्हरवरची जुनी नावं सुधारून घ्या, नाहीतर सुट्या रूपातल्या फाइली मॅकच्या यादीत दिसतील आणि उघडणार नाहीत. सुधारण्यासाठी 'कन्व्हएमव्ही' आहे: '-एफ यूटीएफ8 -टी यूटीएफ8 --एनएफसी -आर' देऊन आधी नुसतं पाहा, तो काय बदलणार ते छापतो. यादी पटली की '--नोटेस्ट' जोडा. जिथे दोन्ही रूपांत फाइल आहे तिथे कोणती ठेवायची ते माणसाने उघडून ठरवायचं. झेडएफएसमध्ये यासाठी 'नॉर्मलायझेशन' नावाचा गुणधर्म आहे, पण तो डेटासेट तयार करतानाच देता येतो.

नावाच्या लांबीचंही बघा. ईएक्सटी4 वर नाव 255 बाइटपर्यंत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं धरून 85 चिन्हं. शासकीय पत्राचा अख्खा विषय फाइलनाव म्हणून दिलेला असतो तेव्हा ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मॅकच्या स्वतःच्या डिस्कवर तेच नाव चालतं, कारण तिथे बाइट नाही तर चिन्हं मोजतात.

तिसरीवर मॅक जोडला की '._' ने सुरू होणाऱ्या फाइलीही येतील. त्यात मॅकची जादा माहिती असते, जी ठेवायला तिसऱ्या आवृत्तीत जागा नाही. फोटोंवर चालणाऱ्या स्क्रिप्टना त्या वगळायला सांगा.

छोटं चालतं, मोठं अडकतं

माउंट होतं, लहान फाइल उघडते, पण मोठं फोल्डर उघडलं किंवा मोठी फाइल कॉपी केली की सगळं थिजतं. हे दिसलं की एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासा. एका बाजूला 9000 आणि मधल्या स्विचवर 1500 असलं की असंच होतं. लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस 8972', फ्रीबीएसडीवर 'पिंग -डी -एस 8972', यातला 'एम' आणि 'डी' मोठ्या लिपीतला. हे जात नसेल आणि 1472 जात असेल तर सगळीकडे 1500 करा.

लटकण्याला कंटाळून 'सॉफ्ट' माउंट करू नका. त्यात ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर लेखन एरर देऊन सोडून दिलं जातं, आणि ती एरर न तपासणारे प्रोग्रॅम अर्धवट फाइल मागे ठेवतात. जिथे लिहायचंय तिथे 'हार्ड' च. अडकलेलं माउंट सोडवायला लिनक्सवर 'यूमाउंट -एल', फ्रीबीएसडीवर 'यूमाउंट -एन' (इथेही मोठा एन), मॅकवर 'यूमाउंट -एफ'.

एवढं करूनही एखादं मशीन ऐकत नसेल तर सर्व्हरवर 'टीसीपीडंप' ने त्या क्लायंटच्या पत्त्याची पाकिटं फाइलीत घ्या आणि वायरशार्कमध्ये उघडा. एकही पाकीट आलं नसेल तर सर्व्हरच्या सेटिंगला हात लावू नका, दोष मधल्या रस्त्यात आहे. उत्तर गेलेलं असेल तर त्यातला स्टेटसचा आकडा वाचा: 1 म्हणजे ती कृती करण्याचा हक्क नाही, 13 म्हणजे परवानगी नाही, 30 म्हणजे फक्त वाचनाची फाइल सिस्टिम, 70 म्हणजे शिळं हँडल, आणि चौथीत 10039 म्हणजे मालकाचं नाव सर्व्हरला ओळखता आलं नाही.